आईच्या खुब्यातला सांधा

मुंबईच्या डॉक्टरांनी आईच्या खुब्यात धातूचा सांधा बसवला, तेव्हा हा आता जन्मभर पुरेल, असं सांगितलं होतं. सुरुवातीला ती कापडे गावातल्या आमच्या घरापासून शेताच्या बांधापर्यंत चालत जायची. मग मांडी सुजू लागली. पायरी चढताना आत करकर वाजे. शेवटी दुसऱ्या इस्पितळात तो सांधा काढावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सांधा झिजून धातूचे कण मांसात उतरलेत, आतलं सगळं काळं पडलंय.

मी महाडला शाळेत शिकवते. आईला माझ्याकडे आणलं आणि वकील गाठून अलिबागच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. वकिलांनी आधी मागितला तो काढलेला सांधा. तपासणी त्याचीच व्हायची होती. इस्पितळाने तो नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट केला होता. मग मी त्या डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही पाहिलंत तेवढं तरी लिहून द्या.

"मॅडम, बोललो ते बोललो. कागदावर नको."

सांधा बनवणाऱ्या कंपनीने दोष शस्त्रक्रियेवर ढकलला, पहिल्या डॉक्टरांनी कंपनीवर, आणि दोघांनी मिळून आईवर.

कंपनीच्या वकिलाने लेखी प्रश्न पाठवले. आमच्या वकिलांनी ते आईला वाचून दाखवले. मनाई असताना तुम्ही जमिनीवर बसलात का?

आई म्हणाली, "बसले की. नातीच्या बारशाला पाळण्यापाशी बसले हुते. खोटं कशाला सांगू?"

परतताना रिक्षात मी तिच्याशी बोलले नाही. राग तिच्यावर नव्हता, पण समोर दुसरं कुणी नव्हतं.

निकालपत्रात त्या एका बसण्याला अख्खा परिच्छेद मिळाला. सांध्यात दोष असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून तक्रार नामंजूर. घरी आल्यावर मी आईला तसं सांगितलं.

"मग माझं दुखतंय, ते काय हाय गो?"

दुखतंय ते खरंच, पण सांध्यामुळेच दुखतं हे आपल्याला दाखवता आलं नाही, असं मी तिला समजावू लागले.

आता मुंबईला राज्य आयोगात अपील केलंय. तिथेही सांधा मागतील. वकील म्हणतात, धीर धरा. आई सकाळी भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. मी तिच्या मागे हात पुढे करून चालते, तिला हात न लावता, कारण कुणी धरलेलं तिला आवडत नाही.