डाव्या हाताची जमा

तुळजापुरात देवळाच्या उताराला आमच्या मालकांचे बावीस गाळे आहेत. त्यांच्या भाड्याची वही मी सव्वीस वर्षं लिहिली. मालक गेले, त्यांचा मुलगा पुण्यात बसून कारभार बघू लागला, तरी मी होतोच. वहीशिवाय मला काही येत नव्हतं आणि माझ्याशिवाय ती वही कुणाला वाचता येत नव्हती, हा माझा ताठा. कुणी भाडेकरू हुज्जत घालायला आला की मी एकच वाक्य तोंडावर फेकायचो, "वही खोटं बोलत नाही." समोरचा आल्या पावली परत फिरायचा. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू?

आमच्याकडं भाडं महिन्याच्या महिन्याला येत नाही. देवीच्या गावात पैसा येतो तो यात्रेला. नवरात्र उरकलं, कोजागरीची गर्दी ओसरली की शहाणा भाडेकरू पुढच्या सहा महिन्यांचं भाडं एकदम टाकून मोकळा होतो. बाकीचे आज-उद्या करत बाकी वाढवतात. म्हणून खतावणीत, म्हणजे प्रत्येकाच्या खात्याच्या पानावर, कुणाचे पैसे आगाऊ पडलेले असतात, कुणाकडं थकलेले. देशी वहीत डाव्या हाताला जमा, म्हणजे भाडेकरूनं दिलेलं. उजव्या हाताला नावे, म्हणजे त्याच्याकडून येणं. एवढं कळलं की वही कळली.

पाचव्या गाळ्यात कवड्यांच्या माळा विकणारी एक बाई होती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं तो गाळा चालवला. दरवर्षी कोजागरीनंतर पदराच्या गाठीत नऊ हजार रुपये घेऊन यायची, माझ्यासमोर मोजायला लावायची आणि जायची. पावती तिनं कधी मागितली नाही. "तुमी लिवलं म्हंजी झालं," म्हणायची.

त्या दिवाळीत मालकांच्या मुलानं कॉम्प्युटर आणला. वहीपूजन नेहमीसारखं झालं, पण पाडव्याला नव्या वहीऐवजी मी शीट उघडली. "काका, प्रत्येकाची मागची शिल्लक तेवढी चढवा, पुढचं आपोआप होतं," असं त्यानं शिकवलं होतं. मी चष्मा पुसला आणि बावीस खाती चढवली. डावीकडचं डावीकडं, उजवीकडचं उजवीकडं. आकडा एकही चुकला नाही. पण इंग्रजी पद्धतीत बाजू उलट्या असतात, येणं डावीकडं आणि जमा उजवीकडं. रकान्यांच्या डोक्यावर तसं लिहिलेलंही होतं. ते वाचायची तसदी मी घेतली नाही. सव्वीस वर्षांचा सवयीचा हात, तो कशाला वाचतोय?

महिना संपला आणि सगळ्यांच्या मोबाईलवर आपोआप निरोप गेले. बाई मोबाईल हातात धरून आली. शेजारच्या गाळेवाल्यानं तिला वाचून दाखवलं होतं, थकबाकी साडेदहा हजार.

"मुनीम, कोजागरीला सा म्हैन्याचं दिलंय न्हवं म्या? तुमीच मोजलं की."

मी शीट बघितली. "नऊ हजार मागचे दिसतात बाई. आणि ह्या महिन्याचे दीड."

"आवो, पन मागचं कुठलं?"

मी वाक्य फेकलं. वही खोटं बोलत नाही.

जुनी वही मागच्या कपाटात होती. चार पावलं चालून ती उघडायची होती, बस. गुडघा दुखत होता, दारात दोन माणसं ताटकळत होती, आणि माझी खात्री होती. खरं कारण शेवटचंच. बाई म्हणाली, "वही म्हनतीय तर आसंल. माज्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल."

चौथ्या दिवशी तिनं साडेदहा हजार आणून दिले. कवड्यांचा नवा माल भरायला ठेवलेलं भांडवल होतं ते. शाकंभरी नवरात्र तोंडावर आलं आणि गाळ्यात विकायला माळा नाहीत. महिनाअखेरीला तिनं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "ह्या म्हैन्याचं अनामतीतनं कापा. लेकाकडं जाते, जळकोटला. कुनाचं बुडवून जायाचं न्हाय मला." मी कापून घेतलं, उरलेली अनामत परत दिली. आठवड्याभरात गाळा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला गेला.

मला कळलं ते पेढेवाल्यामुळं. हा आमच्यातला सगळ्यात चिकट भाडेकरू, चार हेलपाटे घातल्याशिवाय रुपया सुटायचा नाही. माघात त्याची बाकी काढायला बसलो तर शीटवर त्याचेच अकरा हजार आगाऊ जमा! हा माणूस आगाऊ भाडं देईल? मी विचारायला गेलो, तर मशीनवर जमा दिसतंय म्हटल्यावर तो हसला आणि अर्धा किलो पेढे माझ्या हातात ठेवले. ज्यांची बाकी अशीच जमेला गेली होती ते देणेकरी सगळे मूग गिळून बसले होते. ज्यांनी खरंच आगाऊ दिलं होतं ते दोघं-तिघं येऊन भांडून गेले होते, त्यांनाही मी वहीचंच ऐकवलं होतं. ते नुसते भांडले. पैसे ती एकटी देऊन गेली.

तेव्हा कुठं मी कपाट उघडलं. तिच्या पानावर, डाव्या हाताला, माझ्याच अक्षरात नऊ हजार जमा होते. हिशेब मांडला. कोजागरीचे नऊ, नंतरचे साडेदहा, अनामतीतले दीड, त्यातून ती राहिली ते दोन महिने वजा जाता अठरा हजार रुपये आमच्याकडं तिचे निघत होते, म्हणजे अख्ख्या वर्षाचं भाडं. पेढ्यांचा पुडा समोर तसाच होता.

मालकांच्या मुलाला फोन केला. तो भला माणूस. "काका, तिचे पैसे आजच देऊन टाका. पण गाळ्याचा करार झालाय, त्या नव्या माणसाला कसं उठवायचं?" त्याचं काही चुकत नव्हतं. मला रागवायलासुद्धा कुणी सापडेना.

एसटीनं जळकोटला गेलो. बाई सुनेबरोबर अंगणात तूर पाखडत होती. मी पैसे पुढं ठेवले, बाजू कशा उलटल्या ते सांगितलं, चूक माझी म्हणालो. तिनं शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत होतो.

"मंग गाळा?"

"दिला दुसऱ्याला."

"चैती पुनवंपुरता तरी? माल आनते म्या."

"नाही बाई. माझ्या हातात नाही आता."

तिनं सूप खाली ठेवलं. पैशाकडं बघितलं, पण हात लावला नाही. "मुनीम, आदी कागूद लिवून द्या. माज्याकडं काय बाकी न्हाय म्हनून. खाली सही करा."

पावतीपुस्तक मी नेलं नव्हतं. एसटीच्या तिकिटाबरोबर खिशात एक कोरा कागद होता, त्यावर लिहिलं, सही केली आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो सुनेकडं दिला.

"वाच."

सुनेनं वाचलं.

"परत वाच."

सून परत वाचत असताना बाई माझ्याकडं बघत होती. वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घालून चोळीत ठेवली आणि मगच पैसे उचलले.