नावाबरोबर हललेलं माप

माझ्या मावशीला पसारा सोसत नाही. शिवणाच्या दुकानात रिळं रंगाने, बटणं आकाराने लावलेली. जमलं असतं तर गिऱ्हाइकंही तिने उंचीने उभी केली असती. त्यामुळे बँडच्या गणवेशाचं मोठं काम मिळालं, तेव्हा कॉम्प्युटरवरची यादी तिने अकारविल्हे लावली यात नवल ते काय? एका पानावर मापं होती, दुसऱ्यावर नावं आणि त्या मापांवरून विजारीची लांबी-कंबर काढणारी सूत्रं. बाईंनी फक्त दुसरं पान लावलं, मापांचं पान जुन्याच क्रमाने राहिलं.

"हे काम बिघडलं तर दुकानाला कुलूप," असं ती म्हणाली होती, आणि ती उगाच बोलत नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी बँडवाले विजारी घालून बघायला आले. बासरीवाल्याची काखेपर्यंत पोचली, ढोलवाल्याची गुडघ्यावरच अडली. बँड पोट धरून हसत होता आणि मावशी पांढरीफटक पडली होती.

मी कॉम्प्युटर उघडला. नावं हलली होती, पण सूत्रं ज्या ओळीत जाऊन बसली, मापांच्या पानावरच्या त्याच ओळीचं माप वाचत होती.

"मावशी, विजारी बरोबर आहेत गं. माणसं चुकलीत."

मग काय, पडद्याआडून विजारी उडायला लागल्या. ज्याची त्याला मिळाली. उरला एकटा ट्रम्पेटवाला, कमरेला टॉवेल गुंडाळून. आणि बँडमास्तरांच्या मापाच्या मात्र दोन निघाल्या. त्यांची स्वतःची तर पहिल्यापासूनच बसली होती.

मी पुन्हा यादी पाहिली आणि मला हसू आवरेना. सगळ्यांपुढे सूत्र, मास्तरांपुढे हाताने टाकलेले नुसते आकडे. ते नावाचं बोट धरून हलले होते. मास्तर जिथे जाऊन बसले, तिथलं ट्रम्पेटवाल्याचं माप कुणी वाचलंच नाही, आणि त्यांच्या जुन्या ओळीत आलेल्याला त्यांचं माप मिळालं.

"यांना सूत्र का नाही घातलंस?"

मावशी खडूने टेबलावर रेघोट्या ओढत राहिली. "त्यांचं माप पाठ होतं मला."

ढोलवाल्याने हळूच एक थाप दिली. मास्तरांचे कान लालबुंद झाले.

मावशी ट्रम्पेटवाल्याची विजार शिवायला बसली. ती संध्याकाळच्या आत होणार, हे तिच्या मशीनच्या आवाजावरूनच कळत होतं. मी यादीला नाव शोधून माप आणायला शिकवलं.

"दुसरीही मीच ठेवतो," मास्तर म्हणाले. "एखादी उसवली की तुमच्याकडे आणायला बरी."

"माझी शिवण उसवत नाही."

मास्तर हिरमुसले.

"पण बटणं थोडी सैल लावता येतील," मावशी वर न बघता म्हणाली.