आईची विनाथांबा गाडी

माझी आई खेळात रडी खेळते, हे मी तेराव्या वर्षी पकडलं आणि घरभर जाहीर केलं. पकडल्याचा मला एवढा आनंद झाला होता की त्याची लाज अजून गेलेली नाही. कारण आई रडी खेळत नव्हती. तिची नजर जात होती. आमच्यासमोर, भर दुपारी, एका पुठ्ठ्यावर ती जात होती आणि आम्ही चौघंही हसत होतो. चौघांत आईही आली.

पुठ्ठा टीव्हीच्या खोक्याचा होता. नव्वदच्या पुढची सालं, इंदापुरात घरोघर रंगीत टीव्ही यायला लागले होते. आमच्याकडे टीव्ही आला नाही, खोकं आलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, बारामती-इंदापूर गाडीवर. ओळखीच्या एका दुकानदाराकडून त्यांनी ते खोकं मागून आणलं. "टीव्ही काय, कुणीबी बघतं," ते म्हणाले, "आपुन खेळ करू." मे महिन्याची सुट्टी लागलेली होती, बाहेर पत्रा तापलेला, आत दोन खोल्या आणि आम्ही. खेळ करायला दुसरं कारण लागलं नाही.

खोकं फाडून पसरलं तेव्हा ते चटईएवढं झालं. अण्णांनी त्यावर आपला रोजचा रस्ता काढला. वरच्या कोपऱ्यात बारामती स्टँड, खालच्या कोपऱ्यात इंदापूर, मध्ये काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. पुठ्ठा भरायचा म्हणून खऱ्या रस्त्याला नाहीत एवढी वळणं त्यांनी घेतली आणि रस्ता पार कडेकडेनं फिरवला. मग आम्ही घरांत संकटं लिहिली. 'टायर पंक्चर, एक डाव थांबा.' 'उसाच्या गाड्यांमागं अडकलात, दोन डाव थांबा.' 'चेकर चढला, तीन घरं मागं.' 'पोरगं ओकतंय, गाडी कडेला घ्या,' हे धाकट्या भावाचं. तो नऊ वर्षांचा होता आणि त्याला स्वतःलाच गाडी लागायची. आईनं एकही संकट लिहिलं नाही. "तुमीच लिवा, मला काय सुचत न्हाय," म्हणाली.

प्रत्येकाची एक गाडी, म्हणजे थंड्याच्या बाटलीचं रंगवलेलं झाकण. थांब्यांच्या कडेला प्रवासी उभे, म्हणजे चिंचोके. फासा टाकायचा, घरं मोजायची आणि थांबा आला की तिथला एक प्रवासी उचलायचा. इंदापूरला आधी कोण पोचलं याला किंमत नव्हती. "रिकामी गाडी आदी पोचली तर तिला काय हार घालायचा व्हय?" असं अण्णा म्हणायचे. ज्याच्याकडं जास्त प्रवासी, तो जिंकला. फासा बाभळीच्या लाकडाचा होता, ठिपके तापलेल्या दाभणानं पाडलेले. शहाबादी फरशीवर तो कुठंही घरंगळायचा, म्हणून नियम केला की फासा हरवला तर पुन्हा टाकायचा. हा नियम मीच केला. वर्गात मी मॉनिटर होते आणि घरातही माझं तेच चालायचं.

पहिल्याच दुपारी आई थांबे सोडायला लागली. सणसरला तीन चिंचोके उभे होते आणि तिचं झाकण टकटक करत पुढं निघून गेलं. "अगं आई, परवाशी ऱ्हायले!" भाऊ ओरडला. आईनं अख्खी मान वळवून पाहिलं. "अगं बया, हितं हुते व्हय?" म्हणाली आणि हसली. लासुर्ण्याला तेच, अंथुर्ण्याला तेच. अण्णा हसून बेजार झाले. "तुमच्या आईची गाडी विनाथांबा हाय," ते म्हणाले, आणि ते नाव तिला चिकटलं. अण्णांच्या हाताखालून दिवसाला शेकडो माणसं जायची. कोण बिनतिकीट बसलंय, हे त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं. समोर बसलेल्या बायकोला चिंचोका दिसत नाही, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आमच्या बाजूनं एक सांगते. डोळ्यांची शंका यावी असं काही नव्हतं. आई गोधड्या शिवायची आणि सुईत दोरा एका दमात ओवायची. तांदळातला पांढरा खडा तिला दिसायचा, माझ्या केसांतली ऊ दिसायची. समोरचं तिला आम्हां सगळ्यांपेक्षा चांगलं दिसत होतं. कडेचं दिसत नव्हतं. आणि डोळे असे कडेकडेनं जातात, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आईचा फासा हरवायला लागला. टाकला की ती म्हणायची, "कुठं गेला गं?" आणि आम्ही शोधून देईपर्यंत, "हरवला, परत टाकते," म्हणून हात पुढं करायची. आमचा फासा दुपारभरात एखाददा हरवायचा, तिचा दर डावाला. मी मनातल्या मनात टिपून ठेवायला लागले. गाडी मागं पडली की पुढचे प्रवासी दुसरे उचलतात, म्हणून एक आला की हरवतो, दोन आला की हरवतो, अशी माझी खात्री झाली. चार-पाचही हरवत असणार, पण ते मला आठवायचंच नव्हतं.

मग मी तिच्यासाठी सापळा लावला. तिची पाळी होती. फासा उडून तिच्या उजव्या गुडघ्याला लागून थांबला, दोनवर. मी भावाला डोळ्यांनीच गप्प केलं आणि बघत बसले. आईनं समोर पाहिलं. मग तळहात फरशीवर टेकवून ती चाचपायला लागली, आधी डाव्या बाजूला, मग पुठ्ठ्याखाली, मग उजवीकडे. फासा गुडघ्याशी होता. तिची बोटं त्याच्या अलीकडून दोनदा परत गेली. चेहऱ्यावर तिचं ते ओशाळं हसू होतं, आणि काय बेमालूम सोंग करते ही, असं मला वाटलं. त्या हाताकडे मी नीट पाहिलं असतं तर मला भीती वाटली असती. मला फक्त राग आला.

"गुडघ्यापाशी हाय फासा! रडी! आई रडी खेळती!" मी उठून उभीच राहिले.

आईचा हात जागच्या जागी थांबला. मला वाटलं ती आता चिडेल, निदान माझ्या पाठीत एक धपाटा घालेल. ती म्हणाली, "व्हय गं. सापडले बघ." आणि तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला.

मी शिक्षा ठरवली. इथून पुढं आईचा फासा मी टाकणार, तिची घरंही मीच मोजणार. आई लगेच कबूल झाली. रडी खेळणारा माणूस शिक्षा एवढ्या आनंदानं घेत नाही. शिवाय रडीच खेळायची तर ती समोरचे प्रवासी सोडून स्वतःचं नुकसान कशाला करील? पहिल्या दिवसापासून एवढी साधी गोष्ट पुठ्ठ्यावर मांडलेली होती. गणितात मी वर्गात पहिली होते, त्याचा काही उपयोग झाला नाही.

सुट्टी संपली, पण खेळ चालू राहिला, अण्णांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. घरात मात्र एकेक गोष्ट घडायला लागली. आईच्या दंडावर, खांद्यावर काळेनिळे डाग दिसायचे. पाण्यानं भरलेला तांब्या पायानं सांडायचा. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला गेली, तिथं आत शिरताना दाराची चौकट तिला अशी लागली की पुढं बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. "धांदरट झालीयास नुसती," अण्णा म्हणाले. हळूहळू ती भिंतीच्या कडेनं, एक हात भिंतीला लावून चालायला लागली. दळण आणायला, दुकानाला मला पाठवायची. मला वाटायचं, आळशी झाली. हेही मी बोलून दाखवलं.

दिवाळीत आम्ही कऱ्हाटीला गेलो, आईच्या माहेरी. तिचे वडील, आबा, ओसरीत बाजेवर बसलेले असायचे. मी त्यांना आंधळेच पाहिलेले. गुऱ्हाळावर चुलाणात जाळ घालायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं, त्या धुरानं डोळे गेले, असं सगळे सांगायचे. आई दहा वर्षांची असल्यापासून त्यांचा हात धरून त्यांना रानात न्यायची, त्यातच तिची शाळा सुटली. त्या दिवाळीत आई आबांच्या पायांशी बराच वेळ बसून होती. भावानं आबांना आमचा खेळ सांगायला सुरुवात केली. "आबा, आई लई रडी खेळती. समूरचा फासा दिसत न्हाय म्हणती!"

आबांचा हात आईच्या डोक्यावर होता. तो तिथंच राहिला. "काय म्हणतंय पोरगं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय आबा, खेळातलं हाय," आई घाईनं म्हणाली आणि भावाला बाहेर खेळायला पिटाळलं. आबांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या रात्री ते जेवले नाहीत. मला वाटलं, वय झालंय.

उन्हाळा पुन्हा जवळ आला तेव्हा ते झालं. आई आणि भाऊ स्टँडसमोरचा रस्ता ओलांडत होते. सकाळची वेळ. एक दूधवाला सायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावून कडेनं आला. त्यानं घंटी वाजवली. आई घंटी ऐकून भलत्याच बाजूला बघायला लागली आणि सरळ सायकलपुढं गेली. कॅन उलटला, दूध डांबरावर पसरलं. "डोळं फुटलं का वो बाई?" दूधवाला ओरडला. भाऊ सांगत होता की आई दुधात बसलेली होती, लागलेल्या कोपराला हात न लावता, आणि दूधवाल्याला म्हणत होती, "व्हय बाबा. व्हय."

अण्णा दुपारी ड्युटीवरून आले. त्यांनी भावाकडून सगळं दोनदा ऐकून घेतलं. मग आईला दाराच्या उजेडात उभं केलं. "माज्या नाकाकडं बघ. हात दिसला की सांग." त्यांनी आपला हात तिच्या कानामागून हळूहळू पुढं आणायला सुरुवात केली. हात कानाला आला, गालाला आला. आई गप्प. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ती म्हणाली, "आता." अण्णांनी दुसऱ्या बाजूनं तेच केलं. "आता," तिथंच. तिसऱ्यांदा केलं आणि या वेळी हात खाली घ्यायचं ते विसरले. भावाला वाटलं नवा खेळ आहे. "आता माजी पाळी," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी आईला अंधाऱ्या खोलीत नेऊन बराच वेळ तपासलं. मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात जायची चिठ्ठी लिहिली. काचबिंदू, असं नाव त्यांनी सांगितलं. अण्णांना ते पटेना. "पर सायेब, ही सुईत दोरा ववती की."

"ओवणारच. मधलं शेवटपर्यंत राहतं. कडा आधी जातात," डॉक्टर म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही. औषधानं आहे ती धरून ठेवायची. गेल्या वर्षी आला असता तर पुष्कळ वाचलं असतं." मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. आईनं आबांचं सांगितलं. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अण्णांना म्हणाले, "मुलांचेही डोळे दरवर्षी दाखवत जा." तेव्हापासून मी दरवर्षी दाखवते.

परतीच्या गाडीत अण्णा पुढं ड्रायव्हरपाशी उभे राहिले. मी आणि आई मागं बसलो होतो. काटेवाडी गेल्यावर आई समोरच्या सीटकडे बघत म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

"काय?"

"डोळ्यांचं. आबांचं असंच सुरू झालं. आदी चौकटीला धडकायचे. मग ताटाकडंचं भांडं दिसायचं न्हाय. धूरबिर काय नव्हता तो."

मला भीती वाटली की आधी राग येतो, तसा आला. "मग बोलली का न्हाईस? वरीस गेलं!"

"बोलणार हुते. लई येळा तोंडापतुर आलं." तिनं माझा हात शोधला. तो तिच्या मांडीजवळच होता, तरी तिला शोधावा लागला. "पर तू म्हणायचीस, आई रडी खेळती. किती खात्रीनं म्हणायचीस. मग मलाबी वाटायचं, आसंल. पोरगी शिकलेली हाय, तिला कळतंय. आबांसारखं काय न्हाय, आपुन रडीच खेळत आसू."

डॉक्टर ज्या वर्षाबद्दल बोलले होते, ते वर्ष तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून काढलं होतं.