शेजाऱ्याची ना-हरकत

काकांनी परक्या माणसाच्या अस्थी काठीने झोडपून खाली पाडल्या, तेव्हा मी नुकतीच कॉलेजातून आले होते. पंचवटीत आमच्या घरामागे आईने यात्रेकरूंसाठी पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या होत्या. माणसं दशक्रियेला यायची, अस्थी घेऊन यायची. अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून अंगणातल्या कडुनिंबाला आईने एक खुंटी ठोकून ठेवली होती. फडक्यात बांधलेलं गाडगं रात्रभर तिथं टांगलेलं असायचं आणि सकाळी ती माणसं ते घेऊन रामकुंडावर जायची. काकांचं घर आमच्या भिंतीला लागून. त्यांच्या खिडकीतून ती खुंटी दिसायची.

"दारात मढी टांगता व्हय?" म्हणत ते काठी घेऊन आले आणि दोन तडाख्यांत गाडगं जमिनीवर. ज्याच्या बापाच्या अस्थी होत्या तो जळगावकडचा पोरगेला माणूस खाली बसून मातीसकट राख उपरण्यात गोळा करायला लागला. सगळी भरून झाली, उपरण्याला गाठ मारली, आईच्या हातात दिलं, आणि मग उठून त्याने काकांच्या थोबाडीत वाजवली. काकांनी काठी त्याच्या कानावर घातली. रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं. आईच्या एका हातात ते उपरणं, दुसऱ्या हातात कपडे धुवायचं धोपाटणं, अशी ती मध्ये उभी राहिली तेव्हा कुठं काका मागे सरले.

माझे वडील पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर कामाला होते. रविवारी घरी यायचे. रविवारी दोघं भाऊ ओट्यावर बसून चहा प्यायचे, जसं काही झालंच नाही. मला असा संताप यायचा की ती कपबशी घेऊन भिंतीवर फोडावी. एकदा फोडलीही. वडील म्हणाले, "वेडी झालीस का? मोठा भाऊ आहे माझा." आता वाटतं, ते भित्रे नव्हते, त्यांना फक्त भांडण बघायची सवय नव्हती, कारण ते घरीच नसायचे.

भांडणाचं मूळ जमीन, दुसरं काय असणार. मागे आजोबांचा झेंडूचा मळा होता. आजोबांनी दोन भावांना वाटे करून दिले. काकांनी आपला वाटा विकून खाऊन टाकला. आमचा बराचसा रस्त्यात गेला, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर आईने त्या खोल्या उभ्या केल्या. माझी फी, किराणा, सगळं त्यातून निघायचं. काका ती पट्टी बघायचे आणि जळायचे. राग निघायचा मात्र मोठ्या आईवर. माझी चुलती, मी तिला मोठी आई म्हणायचे. भिंतीपलीकडून आवाज यायचा, आधी भांड्यांचा, मग तिचा. आई इकडून भिंतीवर धोपाटणं आपटायची आणि तिकडचा आवाज थोडा वेळ थांबायचा.

त्यातच सिंहस्थ जवळ आला आणि नवा नियम निघाला. घरात यात्रेकरू ठेवायचे तर परवाना घ्यायचा. त्यांच्यासाठी वेगळा संडास हवा, पाण्याची टाकी झाकलेली हवी, आठवड्याच्या वर कुणाला ठेवायचं नाही. इथपर्यंत ठीक. पण शेवटचं कलम होतं शेजाऱ्याच्या ना-हरकतीचं, त्याच्या सहीनिशी. ज्याने हे लिहिलं त्याला चांगला शेजारी लाभला असावा, किंवा शेजारी सख्खा भाऊ राहत नसावा. आमचं पोट काकांच्या सहीवर येऊन बसलं.

आई पेढे घेऊन गेली. काकांनी पुडा गटारात टाकला. "पट्टी निम्मी लिहून दे, लगेच सही देतो," म्हणाले. आई परत आली आणि मुकाट्याने संडासाचा खड्डा खणायला माणूस लावला. संडास बांधून झाला, दार लागायचं होतं, तोवर काकांनी विनापरवाना बांधकाम म्हणून तक्रार ठोकली. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून माणसं घण घेऊन आली. आई आत जाऊन नव्याकोऱ्या भांड्यावर बसली. "मारा," म्हणाली, "मी उठत नाही." माणसं बिचारी बघत राहिली. शेवटी त्यांनी बाहेरून भिंत पाडायला घेतली. विटा तिच्या अंगावर आल्या, बांगड्या फुटून मनगटात घुसल्या, तरी ती बसूनच. मीच तिला काखेत हात घालून ओढून बाहेर काढलं. तिने मला चापट मारली. काका भिंतीवर कोपरं टेकून बघत होते आणि मला त्यांचा खून करावासा वाटला. मनापासून वाटला.

दुसऱ्या दिवशी काका कामावर गेल्यावर मोठी आई आली. आई फुटक्या विटांतून चांगल्या विटा वेगळ्या करत होती.

"अगं, सही त्यांची नाही लागत," मोठी आई म्हणाली. "माझी लागते. घर माझ्या नावावर हाय."

तेव्हा आम्हाला कळलं. काकांच्या कारखान्यातल्या कामगारांना सरकारी प्लॉट मिळायचा, पण स्वतःच्या नावावर घर असेल तर मिळत नव्हता. काकांनी हुशारी करून घर बायकोच्या नावावर चढवलं. प्लॉट काही मिळाला नाही, घर तिच्या नावावर राहून गेलं, आणि काका ते विसरूनही गेले असावेत. बायकोच्या नावावर म्हणजे आपल्याच नावावर, असा त्यांचा हिशोब.

आई म्हणाली, "नको बाई. मारून टाकतील ते तुम्हाला."

"तसाही मारतोच की," मोठी आई म्हणाली. नवऱ्याचा एकेरी उल्लेख मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

ती आईबरोबर वॉर्ड ऑफिसात गेली आणि सही करून आली. संध्याकाळी काकांना कळलं. त्यांनी तिचा उजवा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार लावलं. मग पुन्हा लावलं. तो आवाज भिंतीतून आला. आईने धोपाटणं आपटलं नाही, ते घेऊन ती सरळ त्यांच्या घरात घुसली, मागून मी. आम्ही मोठ्या आईला तसंच सिव्हिलला नेलं. प्लास्टर घालून आणलं आणि मागच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत ठेवलं. पोलिसांत जायचं नाही, असं तीच म्हणाली.

या वेळी बांधकामाची परवानगी काढून आईने संडास पुन्हा बांधला आणि परवाना आला. आईने तो काच लावून भिंतीवर टांगला. सिंहस्थाची गर्दी सुरू झाली, एका खोलीत यात्रेकरू, एका खोलीत मोठी आई. काका रोज अंगणात येऊन शिव्या द्यायचे, कधी पत्र्यावर दगड टाकायचे. मग त्यांच्या डोक्यात आलं की नियम आपल्याकडूनही वापरता येतो. त्यांनी तक्रार केली. यात्रेकरूंच्या खोलीत आठवड्याच्या वर माणूस ठेवलंय, परवाना रद्द करा.

वॉर्ड ऑफिसातले साहेब दोन मुकादम घेऊन आले. काका पुढे. साहेब वाईट नव्हते, पण नियमाचा कागद त्यांच्या हातात होता. "बाई, एक तर यांना आजच हलवा, नाहीतर परवाना परत करा," ते म्हणाले.

आई घरात गेली. परवाना खिळ्यावरून काढला आणि साहेबांच्या हातात ठेवला. ज्याच्यासाठी अंगावर विटा घेतल्या तो कागद. "घ्या," म्हणाली. "खोल्यांना कुलूप लावते. पण ह्या कुठं जाणार नाहीत." काका हसले.

मोठी आई खोलीतून बाहेर आली. हात गळ्यात अडकवलेला. "साहेब, तो कागद त्यांना परत द्या. मी खोली सोडते."

"बाई, नका," आई म्हणाली.

"शेजारचं घर माझं हाय. मी माझ्या घरात चालले. तिथं एक माणूस माझ्या परवानगीशिवाय राहतोय. त्याला आधी बाहेर ठेवा."

काकांनी झेप घेऊन तिचे केस धरले. आईचं धोपाटणं त्यांच्या खांद्यावर बसलं, हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला. मी त्यांच्या मनगटाला चावले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. मग मुकादमांनी त्यांना जमिनीवर दाबून धरलं. गल्ली जमली होती. साहेबांनी परवाना ओट्यावर ठेवला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

मोठी आई केस सावरत तिच्या घरात गेली. दार लागलं. आत ती बराच वेळ डाव्या हाताने कडीशी झटत होती. मग आतून हाक आली.

"अगं, कडी नीट बसली का, ढकलून बघ बरं."

आईने दोन्ही हातांनी दार ढकललं. मग अंग टाकून ढकललं. दार हललं नाही.