चिमणीचं बंद दार

चूक माझीच. कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेल्याची गोष्ट काल दुसरीच्या वर्गात सांगून मी फळ्यावर बोध लिहिला: आळशाचे घर टिकत नाही. पुरात घर पडलेली, आता मामाकडे राहणारी सुमन समोरच बसली होती.

"गुरुजी, पण चिमणीनं दार का नाही उघडलं?"

"आधी बोध उतरवून घे," मी म्हणालो. तिनं तो सुवाच्य अक्षरात उतरवला.

आज खिडकीत कावळा बसला, तशी मुलं ओरडली, "आळशी! आळशी!" सुमननं मान खाली घातली.

इतकी वर्षं बोध सांगून थकलो. पण दार बंद ठेवणाऱ्याला मी कधी दोष दिलाच नाही.

मी फळ्यावरचा कालचा बोध पुसला. सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "सुमन, चिमणीनं दार उघडायला हवं होतं. माझं चुकलं, बाळ."