पाचवी कळशी

ती घटना मी विसरलो असं कधी झालं नाही. सांगितली मात्र कुणाला नाही. नोकरीत होतो तोवर सांगायची हिंमत नव्हती, आणि निवृत्तीनंतरची दोन वर्षं सांगायला तोंड नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आष्ट्याच्या पुढं कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावात मी नवा फौजदार म्हणून रुजू झालो होतो. त्या पावसाळ्यात नदी बाजारपेठेत शिरली. पाणी चार दिवसांनी ओसरलं, पण पुलाचा भराव वाहून गेला आणि रॉकेलचे टँकर मिरजेच्या बाजूला अडकले. लाकूडफाटा भिजलेला, शेणी रचून ठेवलेले हुडवे वाहून गेलेले. शिजवायचं कशावर? तेवढ्यात कुणीतरी उठवलं की आता दिवाळीपर्यंत रॉकेल मिळणार नाही. झालं! दुकानांत होतं नव्हतं ते अर्ध्या दिवसात उडालं. लोकांनी दुधाच्या बरण्यांत, देवळाच्या घागरीत, मिळेल त्यात रॉकेल भरलं. ज्याच्या घरी एक कंदील त्याच्याकडं चार डबे, आणि ज्याच्या घरी चूल बंद त्याच्याकडं थेंब नाही. गर्दी घाबरली की पहिल्यांदा शेजारी विसरते, हे मी तिथं पाहिलं.

पुढं तहसीलमधून ट्रॅक्टरवर तीन बॅरल आली. वाटप रेशनकार्डावर, तहसीलचा कारकून आल्यावर, तोवर पोलीस पहाऱ्यात ठेवायची असा हुकूम. आम्ही ती प्राथमिक शाळेच्या एका खोलीत ठेवली. गजकाठीनं माप घेतलं, पंचांच्या सह्या घेतल्या, कुलूप लावलं. बाहेर पटांगणात डब्यांची रांग लागली. माणसं सावलीला आणि डबे रांगेत. कुणी डबा पुढं सरकवू नये म्हणून सगळ्यांच्या कड्यांतून एकच दोरखंड ओवलेला. त्याचं एक टोक शाळेच्या खांबाला आणि दुसरं आमच्या शिपायाच्या पायाखाली.

कुलपाची किल्ली हवालदारांकडं होती. विट्याकडच्या कोरड्या मुलखातला माणूस. पेन्शनला दीड वर्ष राहिलेलं. बायको गावी, हे पोलीस लाइनीत एकटे. ठाण्यात मी त्यांना हवालदार म्हणायचो, बाहेर अण्णा. स्टेशन डायरी कशी लिहायची, पंच कसले निवडायचे, हे मला ट्रेनिंगपेक्षा त्यांनी जास्त शिकवलं. "सायब, आरोपीला आधी बसाय सांगायचं. उभा मानूस खोटं बोलतो. बसला की दमतो."

बॅरल आली त्याच दिवशी ते माझ्याकडं आले.

"सायब, गावात तीन बाळंतिणी हायत. दवाखान्यात सुया उकळाय इंधान न्हाई. तुमच्या सहीनं थोडं थोडं देऊ."

"हुकूम नाही, अण्णा."

"हुकूम काय बाळंत हुतोय व्हय?"

मी हसलो नाही. "कारकून येऊ दे," एवढंच म्हणालो. माझी नोकरी नवी होती. सही म्हणजे जबाबदारी, आणि ती मला नको होती.

चौथी बाळंतीण माझ्या घरात होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण साताऱ्याचा रस्ता बंद झाला आणि पुराच्या पाण्यातच नर्सबाईनं आमची मुलगी या जगात आणली. अण्णांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "बारशाला कुर्रर्र म्या करनार. आत्या येस्तवर मलाच आत्या समजा." त्यावर माझी बायको दुखणं विसरून हसली होती. चार दिवस शेजारपाजारच्यांनी पाट-फळ्या फोडून पाणी तापवलं. मग तेही संपलं. ना बाळंतिणीला शेक, ना पोरीला ऊन पाणी. पोर गारठून रडायची. एका सकाळी घरातून निघताना मी अण्णांना म्हणालो, "घरी काहीतरी सोय बघा हो."

काहीतरी. हाच शब्द होता. दुपारी घरी आलो तर स्टोव्ह भरभरत होता, पोर न्हाऊन झोपली होती आणि मोरीशेजारी एक तांब्याची कळशी होती. रॉकेल कुठून आलं, मी विचारलं नाही. न विचारणं हीसुद्धा आमच्या खात्यातली एक विद्या आहे.

दुसऱ्या दिवशी कारकून आला. दोरखंड सोडला, पंचांसमक्ष गजकाठी घातली. तिन्ही बॅरल काठोकाठ. हातपंप लावला. रांगेतली पहिली एक म्हातारी होती. तिनं डबा धरला, नाकाशी नेला आणि ओरडली, "आवं सायब, ही तर किस्नामाईच आली की डब्यात!"

मधल्या बॅरलमध्ये खाली पाणी होतं आणि वर रॉकेल. करणाऱ्याला एवढं ठाऊक होतं की काढलं तेवढं पाणी घातलं की माप जुळतं. पंपाची नळी तळापर्यंत जाते, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पटांगणात दगड यायला लागले. "पोलिसांनीच पेलं!" "फौजदार, तुमच्या चुलीला किती वो?" बाकीची दोन बॅरल वाटली तेव्हा लोक शांत झाले. सांगलीहून वायरलेस आला: उद्या डेप्युटी साहेब येतात, आरोपी तयार ठेवा.

खबर आली ती शाळेसमोरच्या सायकलवाल्याकडून. पंक्चर काढता काढता, वर न बघता तो म्हणाला, "सायब, एक इचारू? तुमचं शिपाई पानी हौदाचं पित्यात न्हवं?"

"हो."

"मग हवालदार सकाळच्या पारी कळशी घिऊन शाळंत कशाला जात्यात? जाताना भरल्याली, येताना बी भरल्याली. मी म्हनलं, मानूस पानी घिऊन गेला तर रिकामा यावा. चार-पाच येळा बघितलं, म्हनून म्हनलं." मग हलकेच, "माझं नाव काढू नका, सायब."

माझ्या डोळ्यांसमोर मोरीशेजारची कळशी आली.

जबाब शाळेच्याच खोलीत घेतला. भिंतीवर छातीइतकी पुराची रेघ, बाकं कोपऱ्यात रचलेली. पंच बाहेर उभे केले.

"बसा, अण्णा," मी म्हणालो.

ते बसले आणि ओठांतल्या ओठांत हसले. "शिकवल्यालं इसरला न्हाईत."

"किती कळश्या?"

"चार. एक दवाखान्यात, तीन बाळंतिणींना. घरंबी सांगतो, लिवा. त्यांच्याकडनं एक पैका घितला न्हाई, त्येबी लिवा."

मी लिहीत राहिलो. तिसऱ्या बाळंतिणीचं घर लिहून झालं आणि पेन थांबलं. ते माझ्याकडं बघत होते, मी कागदाकडं.

"अण्णा, पाचवी..."

"चारच," ते म्हणाले. "खाली सही कुटं करू?"

डेप्युटी साहेब बारकाईचे. त्यांनी ते बॅरल उपसून पाणी मोजायला लावलं. लाइनीतून तशीच एक कळशी मागवली. पाच भरल्या.

"हवालदार, जबाबात चार आहेत. पाचवी कुठं गेली?"

"सांडली, सायब."

"आणि तुमची कळशी?"

"घाटावर इसरली. माझी बायकू लय बोलंल आता."

साहेब माझ्याकडं वळले. "फौजदार, तुमचं काही म्हणणं?"

तो एक क्षण माझा होता. माझ्या बायकोनं आदल्या दिवशी ती कळशी चिंच लावून घासून मांडणीवर ठेवली होती. गळ्यावर अण्णांच्या बायकोचं नाव कोरलेलं होतं.

"नाही सर," मी म्हणालो.

अण्णा निलंबित झाले, पुढं बडतर्फ. एकतीस वर्षांच्या नोकरीची पेन्शन गेली. चोवीस तासांत छडा लावल्याबद्दल माझ्या सेवापुस्तिकेत चांगला शेरा पडला. ते नावेतून पलीकडं गेले तो पोरीचा नववा दिवस होता. मी घाटावर गेलो नाही. बारशाला कुर्रर्र शेजारणीनं केलं.

त्यानंतर माझ्या हाताखाली पुष्कळ हवालदार आले, हुशार आले. पण ठाण्यात सकाळी हजेरीला उभा राहिलो की कान कुठंतरी दुसरीकडंच असायचे. पायरीवर काठी आपटून, घसा खाकरून, "चला सायब, गावाचं तोंड बगून यिऊ" म्हणणारा तो आवाज. बदल्या झाल्या, पाचगणीला धुक्यात दोन वर्षं काढली, बढत्या झाल्या. एखादं किचकट प्रकरण उलगडलं की पहिल्यांदा वाटायचं, हे अण्णांना सांगायला पाहिजे. प्रत्येक बदलीत ती कळशी कापडात गुंडाळून ट्रंकेत जायची. बायकोनं कधी विचारलं नाही. ती विद्या माझ्याकडून तिलाही लागली होती.

गेल्या महिन्यात ती ट्रंक मी उघडली, बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता तरी देऊन या." एसटीनं विट्याला उतरलो, तिथून त्यांच्या गावी गेलो. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटपर्यंत दुसऱ्याच्या विहिरीवर राखणीला होते, असं वाटेत कळलं.

त्यांची बायको ओसरीवर शेंगा फोडत होती. मी नाव सांगितलं. कळशी पुढं ठेवली. तिनं गळ्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"ही तुमच्याकडं हाय म्हनून सांगितलं व्हतं त्यांनी," ती म्हणाली. "मी म्हनलं, जावा, घिऊन या, आन् सायबाला खरं बोलाय लावा. तर म्हनलं, न्हाई. पोरीला न्हाऊ घातलंय त्या कळशीनं. मागायची न्हाई."

मी हात जोडले. काय बोललो, मला नीट आठवत नाही. माफी मागितली एवढं खरं. तिनं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि तिनं म्हणावं अशी माझीही अपेक्षा नव्हती.

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले. त्या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच, की गुन्हा पुष्कळदा तिथं असतो, जिथं आपण प्रश्न विचारायचं टाळतो. सही करायची ताकद ज्याच्या हातात असते त्यानं ती केली नाही, तर दुसऱ्या कुणाला तरी चोर व्हावं लागतं. हे लिहून अण्णांची पेन्शन परत येत नाही, हे मला कळतं.

उठायला लागलो तशी ती म्हणाली, "थांबा वो. पोरीचं नाव काय ठेवलं? लय येळा म्हनायचं, बारसं झालं आसंल, नाव काय ठेवलं कुनास ठावं."

मी नाव सांगितलं. ती उठून आत गेली. भिंतीवरच्या फोटोपुढं उभी राहिली आणि ते नाव मोठ्यानं, दोनदा म्हणाली.