दोन रकान्यांची वही

महिन्यातून एकदा आम्ही पाच फिरते विशेष शिक्षक नारायणगावच्या स्टँडमागे चहाला जमतो. शाळाशाळांतून हिंडायचं, ऐकू न येणारी, न दिसणारी, हळू शिकणारी मुलं शिकवायची, हे आमचं काम. मीटिंग तासाची असते, चहा दोन तासांचा, कारण महिनाभराचं साठलेलं मीटिंगमध्ये बोलता येत नाही. लोक म्हणतात, तुमच्याकडे किस्से फार. असणारच. इतरांची जी तक्रार होते, तिचा आमच्याकडे किस्सा होतो.

*

आराखड्याचंच घ्या. प्रत्येक दिव्यांग मुलाचा ‘वैयक्तिक शिक्षण आराखडा’ करायचा असतो. मूल बघायचं, चार दिवस निरीक्षण करायचं, मग त्याचं ध्येय ठरवायचं. यंदा वरून गठ्ठाच आला. सगळे आराखडे झेरॉक्स! नावाची जागा तेवढी रिकामी, ध्येय छापून तयार: ‘विद्यार्थी बोटांत पेन्सिल नीट धरेल.’

आमच्या कांबळे सरांची एक विद्यार्थिनी येडगावची. तिला जन्मापासून दोन्ही हात नाहीत. पायाने लिहिते आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. सरांनी तालुक्याच्या ऑफिसात फोन करून हे सांगितलं.

पलीकडून उत्तर आलं, “मग ‘प्रयत्न सुरू आहेत’ असं लिवा की, राव.”

*

ट्रेनिंगचं ऐका. विषय होता, संशोधनाच्या आधारे प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवणं. विषय चांगला, शिकवणाऱ्या मॅडमही चांगल्या. शेवटी आमची परीक्षा. गायकवाड सरांना अजिबात दिसत नाही, तरी त्यांच्याही हातात छापील प्रश्नपत्रिका.

ते म्हणाले, “कुणी वाचून दाखवाल का?”

देखरेखीवरचा माणूस म्हणाला, “सगळ्यांना एकच नियम.”

सरांनी कोऱ्या कागदावर झोकात सही केली आणि दिला. सर्टिफिकेट आलं, पहिल्या श्रेणीचं.

*

त्या ट्रेनिंगमधली एक गोष्ट मात्र मी उचलली. एका वेळी एकच बदल करायचा, रोज मोजायचं, आणि आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवून वही सांगेल ते ऐकायचं.

माझी एक विद्यार्थिनी ईश्वरी, नऊ वर्षांची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सगळं कळतं, बोलता येत नाही. लघवी लागली तर सांगता येईना, वर्गातच कपडे ओले व्हायचे. हेडसरांनी आईला बजावलं होतं, “आनखी एकदा झालं तर घरीच ठिवायची.” शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या मलाच नोटीस यायची.

अवसरीच्या इंजिनीअरिंगच्या मुलांनी तिला एक डबा करून दिला. चार चित्रं, चार बटणं. बटण दाबलं की डबा बोलतो. पंधरा दिवस तिने त्याला हात लावला नाही. मी आधी चित्रं बदलली, मग डब्याची जागा. वहीत शून्यच. मग आवाज बदलला. आधी एका शहरातल्या मुलीचा होता, ‘मला लघवीला जायचे आहे.’ त्याजागी ईश्वरीच्या आईचा भरला, “बाई, मला मुतायला जायाचंय.”

त्याच दिवशी तिने दोनदा बटण दाबलं.

मी वहीत दोन रकाने आखले, ‘तिने सांगितलं’ आणि ‘आपण नेलं’. मी नसेन त्या दिवशी वर्गाच्या बाई भरायच्या. तीन आठवडे दोन्ही आकडे सारखे, कपडे एकदाही ओले नाहीत. आई म्हणाली, “माझं त्वांड तिला दिलं म्हना की, बाई.”

*

पुढच्या खेपेला गेले, तर डबा कपाटात आणि कपाटाला कुलूप.

“डबा बघायला सायेब यायचेत. तवर खराब नको व्हायला,” हेडसर म्हणाले.

“आणि तिला लागली तर?”

“आईला बसवलंय की व्हरांड्यात.”

आई मेंढरं सोडून आठ दिवस व्हरांड्यात बसली होती. मी त्या दिवशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. डबा तरीही कपाटातच राहिला.

*

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हार झाला, भाषण सुरू झालं. डबा टेबलावर फुलांच्या मध्ये, शेजारी ईश्वरी उभी. मध्येच तिने बटण दाबलं.

“बाई, मला मुतायला जायाचंय.”

साहेब थांबले, हसले. “वा, बोलतंय की हे!” टाळ्या पडल्या. तिने परत दाबलं, परत टाळ्या. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा फोटोवाला म्हणाला, “अजून एकदा, बाळा, हिकडं बघून.”

मी उठले. साहेबांनी हात पुढे केला, “मॅडम, तुमची ती वही दाखवा बरं.”

मी थांबले आणि वही दिली. सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो. मागे डबा आईच्या आवाजात सांगतच होता, आणि आई दारातली गर्दी सारत आत येत होती.

ती पोचली तेव्हा फरशी ओली झाली होती. हेडसर तिला हळूच म्हणाले, “उद्यापास्नं न्हाई आनायची.”

साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. “आजचं भरा, म्हणजे सही करून टाकतो.”

मी भरलं. तिने सांगितलं, सहा. आपण नेलं, शून्य.

साहेबांनी पहिल्या रकान्यावरून बोट फिरवलं. आठ दिवस शून्य, आज सहा. खाली ‘प्रगती उत्तम’ असा शेरा लिहिला आणि सही केली.